पडदा काळा असताना

टीव्ही काळा झाला आणि उल्हासकाका सोफ्यावर ताठ होऊन बसले. सकाळपासून ते याच दहा मिनिटांची वाट बघत होते.

"गेला वाटतं," मुलाचा मित्र शार्दूल म्हणाला.

"गेला नाही. राहू दे तसाच."

पण मराठी माणसाचं 'राहू दे' कोण खरं मानतं? पाहुण्याने ताटावर हात आडवा धरून 'राहू दे' म्हटलं, की बोटांच्या फटीतून आणखी एक वडा पडतोच. शार्दूल उठला. त्याच्या मागोमाग काकांचा मुलगा परीक्षित उठला. अमेरिकेत रेडमंडमधल्या त्या दिवाणखान्यात पाच सॉफ्टवेअर इंजिनियर होते, आणि बंद पडलेल्या स्क्रीनकडे नुसतं बघत बसणं त्यांच्यातल्या एकालाही जमणारं नव्हतं.

काकांनी काही लपवून ठेवलं होतं असंही नाही. १९६६ सालच्या एका बुधवारी विलायतेतल्या सरकारी टीव्हीवर दिवसभर जे जे दाखवलं, त्यातलं सापडेल तेवढं त्यांनी इंटरनेटवरून वेचून आणलं होतं. शाळेचे धडे, शेतकऱ्यांसाठी बातम्या, घोड्यांच्या शर्यती, मध्येच नुसतं संगीत आणि रेघारेघांचं चित्र. सगळं ज्या त्या वेळी, ज्या त्या क्रमाने. थांबवायचं नाही, मागे घ्यायचं नाही, कारण तेव्हा तशी सोयच नव्हती. काका लहान असताना त्यांचं घर तिकडेच होतं, आणि त्या दुपारी बायकांच्या कार्यक्रमात काकांच्या आईने ओव्या म्हटल्या होत्या. त्या मात्र कुठेच उरल्या नव्हत्या. म्हणून तेवढ्या जागी काकांनी काळा पडदा ठेवला होता. तेवढा वेळ सगळ्यांनी आपल्यासोबत गप्प बसावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ग्रुपवर त्यांनी हे सविस्तर लिहिलंही होतं. लोकांनी 'दुपारी साबुदाणा वडे' इथपर्यंत वाचून अंगठे पाठवले, आणि सकाळी बोलावलेली मंडळी वड्यांच्या वेळेला उगवली. पालथ्या घड्यावर पाणी.

"काका, एचडीएमआय लूज असणार," शार्दूल टीव्हीमागे डोकं घालत म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"अरे, काही लूज नाही. खाली बसा."

"तुम्ही रिलॅक्स करा ना, काका. आम्ही आहोत."

परीक्षितने टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला. शिवांगी, काकांची सून, राउटर रीस्टार्ट करायला गेली. पाहुण्यांतली विनीता फोनवर काहीतरी शोधून मोठ्याने वाचू लागली. "यार, आधी सोर्स चेंज करून बघा," कोणीतरी म्हणालं, आणि एका रिमोटला तीन हात लागले.

"परीक्षित, बाजूला हो."

"झालंच बाबा."

आता काकांना काळा पडदासुद्धा दिसत नव्हता. दिसत होत्या त्या नुसत्या पाठी. त्यांचं डोकं भणभणायला लागलं. इतक्या वर्षांत आईसाठी दहा मिनिटं मागितली होती, आणि तीही घरच्याच माणसांनी अशी खाऊन टाकली होती.

स्वयंपाकघरातून शुभाकाकूंचा आवाज आला. "अहो, करताहेत ना पोरं, करू दे की. वडे आणू का आणखी?"

"राहू दे," काका म्हणाले.

काकू दोन वडे घेऊन आल्या.

तेवढ्यात दहा मिनिटं संपली आणि टीव्ही उजळला. कृष्णधवल चित्रात सूट घातलेला एक माणूस नकाशावर काठी टेकवून हवामान सांगत होता.

"फिक्स्ड," शार्दूल म्हणाला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

गालिच्यावर बसलेली काकांची नात अनिका एवढा वेळ आजोबांकडेच बघत होती. "आजोबा, व्हॉट डिड वी मिस?"

"तुझ्या पणजीच्या ओव्या."

टाळ्या थांबल्या. परीक्षितच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. त्याचा चेहरा उतरला. "सॉरी बाबा. मी मेसेज नीट वाचलाच नाही. थांबा, मागे घेतो."

"मागे घ्यायचं नाही."

काकांच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. सगळ्यांना एकदाचं ऐकवायचंच, म्हणून त्यांनी मान वर केली, आणि त्यांची नजर त्या काठीवाल्यावर गेली. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

"त्या दिवशीही मला हाच दिसला," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही.

"आमच्या घरमालकिणीकडे टीव्ही होता. आई स्टुडिओत गेलेली, आणि आम्ही सगळे तिला बघायला जमलेलो. माझे वडील, अण्णा, आणि त्यांचे दोस्त मोटारीच्या कारखान्यात मेकॅनिक. मुद्दाम रजा काढून आले होते. आई दिसायची वेळ झाली आणि चित्र हलायला लागलं. उठले की सगळे. एकाने एरियल धरली, एकाने मागचं झाकण उघडलं. आवाजही गेला. मी मागून ओरडतोय, बाजूला व्हा, बाजूला व्हा. चित्र आलं तेव्हा हा बाबा नकाशावर काठी फिरवत होता."

काकू हातातल्या वड्यांसकट उभ्याच राहिल्या. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण हे त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"डिड शी नो?" अनिकाने विचारलं.

"संध्याकाळी घरी आली. कोट काढायच्या आधी विचारलं, कशी दिसले मी? सगळे म्हणाले, फार छान."

टीव्हीवरचा माणूस उद्याच्या पावसाबद्दल सांगत होता. परीक्षितने रिमोट टीपॉयवर ठेवला आणि तो टीव्हीसमोरून हळूच बाजूला झाला.