चिंधीवाल्या

"चिंधीवाल्या काढल्या ना?" फोन उचलल्या उचलल्या तिने पहिलं तेच विचारलं.

"काढल्या," शिंपी म्हणाला. "काल संध्याकाळीच."

तो परसात उभा होता, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. नुकतं फटफटत होतं. थोड्या वेळाने तिकडे दवाखान्यात बायकोचं ऑपरेशन, आणि बाईसाहेबांना कोंबड्यांची पडलेली! स्वतःच्या पोटाबद्दल अवाक्षर नाही. पण आवाज खणखणीत होता, एवढ्यानेच त्याला धीर आला.

घरी परतल्यावर तिला कितीतरी महिने वाकता येणार नव्हतं, म्हणून कोंबड्या कमी करायचं तिनेच ठरवलं होतं. जायच्या आदल्या दिवशी तिने त्याचा जुना निळा शर्ट फाडला, काही कोंबड्यांच्या पायांत चिंध्या बांधल्या आणि गाडीत बसता बसता सांगितलं, "खाटीक आला की चिंधीवाल्या तेवढ्या काढा."

त्याने काढल्या. एकूण एक. त्याच्या दुकानात ज्या कापडाला चिंधी टाचलेली असते, ते आधी कात्रीखाली जातं. सगळा जन्म त्याचा त्यातच गेला. चिंधीवाल्या सगळ्या चांगल्या धष्टपुष्ट निघाल्या, कोंबडाही त्यातच. खाटकाला माल बरा मिळावा म्हणून हिने निवडल्या असतील, असं तो धरून चालला. खाटकाने तिथेच, मोरीच्या कडेला, काम उरकलं. शिंपी पाठ फिरवून उभा राहिला. मग त्याने फरशी पुन्हा पुन्हा धुतली आणि चिंध्याही धुऊन दोरीवर वाळत घातल्या, कारण घरातली चिंधीसुद्धा टाकायची नाही हा बायकोचा कायदा. शेजारणीने पाठवलेलं रात्रीचं ताट मात्र अजून तसंच झाकलेलं होतं.

"कुठे ठेवल्यात?" तिने विचारलं.

"काय?"

"अहो, चिंधीवाल्या! खाटकाच्या नजरेला नाही ना पडल्या? लबाड आहे मेला. पिल्लं त्यांचीच धरायचीयत मला. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून ठेवून हा वाण जमवलाय मी, बाजारात मागून मिळायचा नाही."

शिंप्याने दोरीवरच्या निळ्या चिंध्यांकडे पाहिलं.

"आणि बाकीच्या नेल्या ना त्याने?" ती विचारत होती. "ती लंगडी? पिसं झडलेली? ती अंडीखाऊ?"

लंगडी खुराड्याच्या दारातच उभी होती. तिच्यामागे पिसं झडलेली. आपलीच अंडी फोडून खाणारी ती तिसरी त्याच्या पायाशी येऊन चपलेला चोच मारत होती.

"नेल्या," तो म्हणाला.

ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे तेही बदललं नव्हतं. ती काढा म्हणाली, त्याने काढल्या.

"अहो? ऐकताय ना?"

"ऐकतोय गं. चिंधीवाल्या खुराड्याच्या मागच्या खणात आहेत. कडी लावलीय."

"कोंबडा पण?"

"तोही."

तिचा आवाज एकदम लहान झाला. "त्याची बांग ऐकवा ना जरा. इथे रात्रभर दिवे चालूच, उजाडलं की नाही तेही कळत नाही. मला भीती वाटतेय हो. त्याला ऐकलं की जाईन आत."

"आत्ताच आरवला तो."

"मग परत आरवेल. एकदा आरवून गप्प बसणाऱ्यातला आहे का तो? धरा फोन तिकडे."

त्या कोंबड्याचं आणि शिंप्याचं कधीच पटलं नाही. रोज पहाटे याची झोप मोडायची, ती त्यानेच. एकदा वैतागून त्याने कोंबड्यावर टोपली पालथी घातली, तर ही पोट धरधरून हसली होती. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय!" काल खाटकाने सुरी काढली तेव्हा, उद्यापासून झोप तरी मिळेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. ते आठवलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

त्याने फोन खुराड्यापाशी धरला. लंगडी जराशी कुरकुरली. बाकी सगळं शांत. फोनमधून कुणीतरी म्हणत होतं, "चला मावशी, द्या तो फोन इकडे." आणि ती म्हणत होती, "थांब गं बाई, एक मिनिट."

शिंप्याने तांब्या खाली ठेवला. हात लांब करून फोन दूर धरला, तोंड भिंतीकडे केलं आणि तो आरवला.

पहिल्यांदा नुसता घसा खरखरला. दुसऱ्यांदा 'कुकूच कू' निघालं, पण शेवटाला फाटलं. पलीकडच्या दारात शेजारीण दात घासता घासता थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. डोळे घट्ट मिटून त्याने आणखी एकदा, असेल नसेल तेवढा श्वास लावून, बांग दिली.

मग त्याने फोन कानाला लावला. तुटला की काय म्हणून त्याने एकदा स्क्रीनकडे पाहिलं.

"आवाज बसलाय त्याचा," ती शेवटी म्हणाली. "रात्रीचा उपाशी दिसतोय."

"हं," तो म्हणाला.

"त्याला म्हणावं, वेळेवर खात जा. मी असो, नसो."