पुढचं स्तोत्र

त्या आठवड्याची प्रार्थनासभा चर्चच्या पाळकांच्याच घरी होती. त्यांची मुलगी वारल्यानंतर त्या घरात माणसं पहिल्यांदाच जमत होती. बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा पाळक आतून मुलीची अभ्यासाची खुर्ची घेऊन आले. तिच्यावर कोणी बसेना. शेवटी नळकाम करणारे काका अगदी कडेला टेकले, अवघडून, खुर्चीला आपलं वजन कळू नये असे.

रीत नेहमीचीच होती. गोल करून बसायचं, प्रत्येकाने आपल्या मनातलं एक स्तोत्र वाचायचं आणि या आठवड्यात देवाने काय दिलं ते थोडक्यात सांगायचं. नळवाल्या काकांनी मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं आणि मुलाला नोकरी लागल्याचं सांगितलं. सांगताना आवाज मुद्दाम बारीक ठेवला. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गुडघेदुखीला उतार पडला होता. कानाने अधू असलेल्या आजी, बोलणारा जिथे श्वास घेईल तिथे ‘आमेन’ म्हणत होत्या, त्यामुळे एकट्या गुडघ्याला तीन आमेन मिळाले. एरवी सगळे हसले असते.

पाळकांच्या बायकोची, पाळकबाईंची पाळी आली.

“तिला आज राहू दे,” पाळक घाईने म्हणाले. “आपण पुढे जाऊ.”

“मी वाचते,” बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मान वर केली. मुलीच्या आजारपणात साऱ्या मंडळीने उपास केले होते. प्रभू तिला अंथरुणातून उठवणार, असं पाळकांनी व्यासपीठावरून ठणकावून सांगितलं होतं. ती उठली नाही. दफनाच्या वेळीही तेच उभे राहिले, सगळा विधी त्यांनीच केला, एका शब्दाला अडखळले नाहीत. ‘विश्वास असावा तर असा,’ म्हणत लोक घरी गेले. बाई मात्र तेव्हापासून गप्पच होत्या. चर्चमध्ये यायच्या, पहिल्या बाकावर बसायच्या, गाण्याचं पुस्तक उघडून धरायच्या. ओठ हलायचे नाहीत.

त्यांनी स्तोत्र काढलं आणि कोरड्या आवाजात वाचायला लागल्या. त्यातला माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो. देव तोंड फिरवून बसतो. जिवाभावाची माणसं दूर होतात. दुःखाच्या इतर स्तोत्रांत शेवटी कुठे ना कुठे धीराची एखादी ओळ सापडते. याला ती नाही. अंधारापाशी येऊन ते संपतं. बाईही तिथेच थांबल्या.

“आमेन,” आजी म्हणाल्या.

पाळक म्हणाले, “त्याच्या पुढचं स्तोत्रही वाच ना. ते तर देवाच्या दयेच्या गाण्यानेच सुरू होतं.”

“माहीत आहे. मी अजून तिथवर पोचले नाही.”

“अगं, माणसं दोन शब्द दिलाशाचे ऐकायला आली आहेत.”

“मग तुम्ही द्या. मला देवाशी खोटं बोलता येत नाही.”

नळवाल्या काकांना राहवेना. “बाई,” ते म्हणाले, “पोरगी चांगल्या घरी गेली असं समजा.”

“हे घर काय वाईट होतं, काका?”

काकांचा चेहरा उतरला. “तसं नव्हतं हो म्हणायचं मला.”

“ठाऊक आहे. दवाखान्यात रोज डबा घेऊन तुम्हीच यायचात. तुमच्यावर राग नाही माझा.”

मग कोणावर, हे कोणी विचारलं नाही.

समारोपाची प्रार्थना पाळकांची होती. ते उठून उभे राहिले, डोळे मिटले. “हे प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो...” एवढं म्हणून थांबले. पुन्हा तेच म्हणाले, पुन्हा तिथेच थांबले. हे शब्द त्यांच्या तोंडात आयुष्यभर बसलेले होते. झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी म्हटले असते.

“मी सांगितलं होतं यांना,” ते एकदम म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. “तुझ्या भरवशावर सांगितलं होतं. पोरीलासुद्धा सांगितलं. ती म्हणाली, बाबा, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. वेडे, नक्की म्हणजे नक्की. आणि ती हसली. माझ्यावर विश्वास ठेवून हसली रे ती.”

आजींनाही ते ऐकू गेलं असावं. त्या काही म्हणाल्या नाहीत.

पाळक जमिनीवरच बसले. मग त्यांच्या छातीतून जो आवाज आला तो त्या खोलीतल्या कोणीही त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दफनाच्या दिवशीही नाही. लोक खाली बघायला लागले. शिवणकामवाल्या बाई पदराने डोळे टिपू लागल्या. आपलं मोठं माणूस असं उघड्यावर पडलेलं कोणाला बघवेना.

गाणी सुरू करण्याचं काम नळवाल्या काकांचं असायचं. त्यांनी एक गाणं उचललं, मुद्दाम चढ्या पट्टीत, म्हणजे त्याखाली तो हुंदका झाकला जाईल. एकेक जण त्यांच्यात मिसळू लागला. पाळकांनी तोंडात रुमाल कोंबला.

बाई उठल्या. नवऱ्याशेजारी जमिनीवर बसल्या, त्यांचा हात धरून रुमाल तोंडातून काढला आणि आपल्या मुठीत घेतला.

“गाणं नको, काका,” त्या म्हणाल्या. “थांबा जरा. यांचा आवाज त्याला नीट ऐकू जाऊ दे.”