बॅटरीची राखण

एव्हेलियोच्या विजेवर चालणाऱ्या बोटीत लिथियमची नवी बॅटरी बसली. "हिला आगीपासून जपा," मेकॅनिकने बजावलं. म्हणून आईने बॅटरीच्या पेटीवर दर्यावर्द्यांची राखण करणाऱ्या कार्मेनमातेची तसबीर ठेवली आणि पुढ्यात मेणबत्ती पेटवली.

"अगं आई, आगीपासून जपायला आगच लावतेस होय?" एव्हेलियोने मेणबत्ती विझवून त्याच बॅटरीवर रंगीत दिव्यांची माळ लावून दिली. आईने ती आठवडाभर बंद केलीच नाही.

मातेच्या सणाला बोटींच्या मिरवणुकीत भर समुद्रात एव्हेलियोचीच मोटार थांबली. मागचे बोटवाले शिव्या घालू लागले.

"चार्ज संपत आला की बॅटरी खराब होऊ नये म्हणून वीज आपोआप तुटते," एव्हेलियो कपाळाला हात लावत म्हणाला.

"आपोआप कसली?" शेजारी बसलेली आई म्हणाली. "मीच मातेला सांगितलं होतं, बॅटरीला जप. बोटीचं सांगायचं राहिलं बघ."