सीएल तीस, सीएल छत्तीस

"ही सीएल तीसची, अन् ही छत्तीसची." लुबनाने रॅमच्या दोन पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. "तीसवाली साडेतीन हजारानं महाग हाय."

"मग छत्तीसवालीच घ्या की," सिंधु पटकन म्हणाली. "सीएल जास्त अन् पैसे कमी."

बालाजीला हसू आवरेना. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या त्याच्या बायकोला सीएल म्हणजे किरकोळ रजा, एवढंच ठाऊक. लुबनाने समजावलं, इथे सीएल म्हणजे रॅम माहिती द्यायला किती थांबवते ते. आकडा जितका लहान तितकी ती चपळ.

सिंधुही हसली, पण आतून ती धुमसत होती. तिच्या पाच रजा डिसेंबरअखेर बुडणार होत्या. हंपी बघायची म्हणून तिने त्या वर्षभर जपल्या होत्या. बालाजी लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा आणि दर महिन्याला म्हणायचा, "एवढं एक लगीन उरकू दे." शिरूर अनंतपाळात लग्नं कशाला थांबतात. आज तर गडी कॉम्प्युटरचा अख्खा डबा मांडीवर घेऊन एसटीने लातूरला आला होता.

"तीसवालीच बसवा ताई," तो म्हणाला. "काम झटक्यात उरकलं की मी मोकळा."

"आधी बघा तर, बालाजीभाऊ."

लुबनाने दुकानातल्या दोन सारख्या मशीनमध्ये एकेक पट्टी बसवली आणि दोन्हींवर त्याचाच एक व्हिडिओ तयार व्हायला लावला. चहा आला, संपला. बालाजी मोबाइलवर वेळ लावून बसला होता. तीसवालीने बावीस मिनिटं घेतली. छत्तीसवालीने त्याहून सात सेकंद जास्त.

"सात सेकंद," सिंधु म्हणाली. "तेवढ्यात हंपी बघून होतीय का?"

बालाजीचा चेहरा उतरला. त्याने एकदा पट्ट्यांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. आता हा दुकानातच भांडतो की काय, असं तिला वाटलं.

"छत्तीसवाली द्या," तो हळूच म्हणाला. "बसवायला किती वेळ लागंल?"

"दहा मिनिटं. बसा तोवर."

बालाजीने डबा लुबनाकडे सरकवला.

"न्हाई ताई, घाई करू नका. चांगले पाच दिवस लावा."