सैल कवळी

"आ करा, नानासाहेब," करुणा म्हणाली.

नानासाहेबांनी आ केला नाही. खुर्चीत ताठ बसून ते मास्क लावलेल्या करुणाकडे टक लावून बघत राहिले.

कोरोनात बंद पडलेला सिडकोतला दातांचा दवाखाना करुणानं आजच उघडला होता. बाकीच्या डॉक्टरांनी केव्हाच उघडले. तिलाच धीर होत नव्हता. दुसऱ्या लाटेत तिचे अप्पा गेले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले अप्पा तिला लांबूनच दाखवले. तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच, आणि ते तिला अजून डाचत होतं.

"कवळी लई सैल झालीय मामांची," फुलंब्रीहून सासऱ्यांना घेऊन आलेली सायली सांगत होती. "कोरोनात अ‍ॅडमिट होते ना, तवापासून. पण काढू देत नायत. आन् एक खोड लागलीय बघा. बाईमाणूस मास्क लावून दिसलं की म्हणतेत, मास्क काढ. परवा वाळूजच्या पाहुणीला बी म्हणले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं!"

"वॉर्डात सगळे तोंडं झाकलेलेच असायचे ना. धसका घेतात म्हातारी माणसं," करुणा म्हणाली.

गोडीगुलाबीनं तिनं कवळी काढून घेतली. नानासाहेब एकदम सैलावले. बोळक्या तोंडानं म्हणाले, "सायले, घरला चल गं. भूक लागली."

करुणा कवळी धुऊ लागली आणि तिचे हात थांबले. मागची एक दाढ बाकीच्यांहून पिवळी होती. सुपारी फोडायच्या हट्टापायी अप्पांनी आपल्या कवळीची ती दाढ मोडली होती, आणि नवी बसवताना करुणाचा रंग चुकला होता. "करे, कारागिरीत तू कच्चीच," म्हणून वर तेच हसले होते.

म्हणजे वॉर्डात अदलाबदल झाली. खाटा शेजारी-शेजारी असणार. तिला भरून आलं आणि बरंही वाटलं. अप्पांचं काहीतरी घरी परत आलं होतं.

"ही माझ्याकडं राहू द्या," ती म्हणाली. "मापाची नवी करून देते."

"आन् तवर त्यांनी जेवायचं कसं, म्याडम?"

तेही खरंच होतं. करुणानं जड हातानं कवळी पुन्हा नानासाहेबांच्या तोंडात बसवली.

त्यांनी दात चावून ती जागेवर घेतली. पाठ ताठ केली. तिच्याकडे बघितलं.

"करे, मास्क काढ गं," ते म्हणाले. "तोंड बघायचं राहिलं."