राहिलेल्या गोळ्या

"मलेरियाच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का?" डॉक्टर सुकन्यांनी अजिनाथला विचारलं. "खरं सांगा. पुढचं औषध त्यावर ठरणार आहे."

अजिनाथ खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो बोलायच्या आत त्याच्या बायकोनंच, मायाक्कानं उत्तर दिलं. "व्हय बाई, सगळ्या घेतल्या की. ह्यांनी सोताच्या हातानं दिल्या."

तिचं अंग तापानं भाजत होतं. एक हात पोटावर होता. सहावा महिना होता.

शेजारच्या खाटेवरची नागव्वा म्हणाली, "नशीब काढलंस गं. आमचं मालक पाण्याचा तांब्या बी देत न्हाईत." दोघी-तिघी हसल्या.

डॉक्टर सोबतच्या विद्यार्थ्यांकडे वळल्या. "या गोळीत दोन औषधं असतात. एक जंतूंना झपाट्यानं मारतं, पण रक्तात टिकत नाही. उरलेल्यांना दुसरं सावकाश मारतं. गोळ्या मध्येच सोडल्या तर उरलेले जंतू वाढतात, ताप परत येतो. तसं असतं तर हेच औषध पुन्हा दिलं असतं, बरी झाली असती. पण हिनं पूर्ण घेतलंय. म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाहीत." त्यांचा आवाज चढला होता. "अशी केस मी पहिल्यांदा बघतेय. रक्त तपासायला पुढं पाठवा. आता क्विनाइन लावा. रक्तातल्या साखरेवर लक्ष ठेवा. पोटुशी बाई आहे, या औषधानं साखर एकदम उतरली तर दोन्ही जीव जातील."

अजिनाथनं सगळं ऐकलं. मागच्या वेळी ताप उतरला त्या दिवशी "कोर्स झाला" असं त्यानंच मायाक्काला सांगितलं होतं. त्याच दिवशी त्याचा मेंढा तापानं बसला होता. मंद्रूपच्या बाजारात त्या मेंढ्याला तोड नव्हती. राहिलेल्या गोळ्या अजिनाथनं गुळात कालवून त्याला चारल्या. मेंढा उठला.

"तुम्हाला काही सांगायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

नागव्वा त्याच्याकडं बघत होती. विद्यार्थी बघत होते.

"न्हाय," तो म्हणाला.

सलाइन सुरू झालं. दुपारी मायाक्काला दरदरून घाम फुटला. ओठ थरथरू लागले. नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. अजिनाथ खाली वाकला. तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "सगळ्या गोळ्या दिल्या न्हाईत मी तुला. मेंढ्याला घातल्या."

सलाइनमधल्या क्विनाइननं कान बधिर होतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काय म्हणता?" मायाक्का म्हणाली. "कानात नुसती शिट्टी वाजतीया. मोठ्यानं बोला की."

वॉर्डातल्या बायांनी माना वळवल्या. डॉक्टर दारातून आत येत होत्या.

"काय न्हाय," तो म्हणाला.

तेही तिला ऐकू गेलं नाही. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो म्हणाला, "काय न्हाय. पड तू."