आपलीच माणसं

डच शिपाई वागियेमच्या नवऱ्याला शोधत आले, तेव्हा त्यांनी दार लाथेनं उघडलं होतं. गळ्याला संगीन लावून त्यांच्या दुभाष्यानं तिला तीनदा विचारलं, "कासान कुठंय?" कासान भाताच्या कोठीत पोत्यांमागे होता. तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तो वाचला. पुढे दोन वर्षांनी डच जावा बेट सोडून गेले.

त्याला सोळा वर्षं झाली. कासान आता हयात नव्हता आणि मुलगा पार्दी गावच्या शाळेत मास्तर होता. राजधानीत सेनाधिकाऱ्यांचे खून पडले आणि गावोगाव कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. पार्दी त्यांच्या शेतकरी संघटनेत होता, म्हणून वागियेमनं त्याला माळ्यावर लपवलं.

सकाळी ती टेंपे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होती. अंगणात लष्कराचा ट्रक थांबला. एक कोवळा शिपाई उतरला, उंबऱ्याबाहेर बूट काढून आत आला आणि अदबीच्या जावानीजमध्ये म्हणाला, "मावशी, घाबरू नका. मास्तरांची नुसती सही हवीय. दुपारी जेवायला घरी असतील."

"तू कुठला रे?"

"नदीपलीकडचाच की."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं माळ्याकडे बघून हाक मारली, "पार्दी, ये बाळा खाली. आपलीच माणसं आहेत."

त्या आठवड्यापासून गावानं नदीतले मासे खाणं सोडलं.

पार्दीला सैन्यानं नेलं, असं शेजारी म्हणत. वागियेम नकारार्थी मान हलवायची.

"त्यांना कुठं सापडला होता तो? मीच दिला."